दारातली छाया

मोजायला गेले की मी आधी माणसांना घराबाहेर काढते. लोकांना याचा राग येतो. तक्रार त्यांनीच केलेली असते, बाईंसाठी चहा टाकलेला असतो, आणि ही बाई आत आल्या आल्या म्हणते, सगळे बाहेर व्हा. आजोबा पण? आजोबा पण. मांजर पण. मग मी घड्याळ, बांगड्या, कानातलं आणि फोन एका डब्यात घालून तो डबा गाडीत ठेवते, लाकडी तिपाई मांडते, तिच्यावर मापकाची काठी बसवते, वायर लांबवर सरळ सोडते आणि तिच्या टोकाचा आकड्यांचा पडदा घेऊन स्वतः पार दूर जाऊन उभी राहते.

कारण अगदी साधं आहे. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजताना सगळ्यात मोठी चूक मोजणाऱ्यामुळेच होते. माणसाचं शरीर म्हणजे खारट पाण्याची पखाल. काही लहरी ते पिऊन टाकतं, काही परत फेकतं. काठीला खेटून आकडा वाचलात तर तो खोलीचा आकडा नसतो, खोली आणि तुम्ही असा दोघांचा मिळून असतो. खिशातला फोन स्वतःच्या लहरी सोडतो. हातातली बांगडीसुद्धा गप्प बसत नाही. म्हणून आधी रिकाम्या घराचं माप घ्यायचं, मग एकेक माणूस, एकेक वस्तू आत आणायची. आमच्या लहरमोजणीच्या कक्षात नवीन रुजू होणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, तुम्ही खोलीत नाहीच असं खोलीला वाटलं पाहिजे. ते हसतात. दोन-चार मापं चुकली की हसू जातं.

आमच्या कक्षात आणखी एक रिवाज आहे, तो कुठल्या नियमावलीत नाही. आपल्या घरचं माप आपण घ्यायचं नाही. माझ्या जोडीला दस्तगीर मुल्ला आहे, कुरुंदवाडचा. दोघं एकाच वर्षी लागलो, एकाच साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. त्याच्या घरी काही असलं की मी जाते, माझ्या घरी त्यानं यायचं. तो रिवाज मी मोडला. आईसाठी मोडला, अशी माझी तेव्हा समजूत होती.

इचलकरंजीत आता घरात वायर दिसत नाही. छताला पातळ पाट्या बसवलेल्या असतात, त्यांतून लहरवीज उतरते आणि दिवे, पंखे, मिक्सर ती आपापली उचलून घेतात. लोक या सगळ्या यंत्रणेला नुसतं ‘छत’ म्हणतात. छत गेलं, छत आलं. सुरुवातीला लोक घाबरले होते. एवढ्या लहरी पोराबाळांच्या अंगातून जाणार म्हटल्यावर मोर्चे निघाले, आणि मग कायदा झाला की माणूस जिथं असेल तिथं लहरी विरळ झाल्याच पाहिजेत. त्यामुळे छत प्रत्येक माणसाभोवती एक पोकळी राखतं. तुम्ही चाललात की पोकळी तुमच्याबरोबर चालते, तुम्ही निजलात की ती आडवी होते. तिचं कायद्यातलं नाव कुणाला पाठ नाही. सगळे ‘छाया’ म्हणतात.

आता माणूस कुठं आहे हे छताला कळतं कसं? लहरी अंगावर आपटून परत येतात, त्यावरून. हलणारा माणूस लगेच सापडतो. पंचाईत होते ती गप्प बसलेल्याची. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, डुलकी लागलेला माणूस, यांचा श्वास तेवढा हलतो, आणि तो भांड्याकुंड्यांच्या गर्दीत हरवतो. म्हणून छताला दुसरी युक्ती शिकवली आहे. गप्प माणूस दिसत नसेल तर इतरांच्या चालण्याकडं बघ. लोक कशाला वळसा घालून जातात, कुठं थबकतात, कुणासाठी वाट सोडतात? आणि शंका आली तर तिथं माणूस आहे असंच धर. बसलेल्याला विसरण्यापेक्षा नसलेल्याला छाया देणं परवडलं, असा त्यामागचा हिशेब. हिशेब चांगल्या मनानं केलेला आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही.

फक्त एक लक्षात घ्यायला हवं. छायेतून काढलेल्या लहरी कुठं नाहीशा होत नाहीत. भाकरी मधे दाबली की पीठ कडेला जातं, तशा त्या कडेला जमतात.

माझ्या आईच्या छातीत पेसमेकर आहे, वाटाण्याएवढा. तो छतावरच चालतो, त्यामुळे छत बंद करा असं म्हणायची सोय नाही. त्याचं काम सोपं आहे. हृदयाचा ठोका ऐकायचा. ठोका पडला तर गप्प राहायचं, चुकला तर ढकलायचं. पण आजूबाजूच्या लहरी फार दाटल्या आणि त्यांचे ठेके आत घुसले, तर त्या बिचाऱ्याला तेच ठोके वाटतात. चाललंय की सगळं, असं समजून तो गप्प बसतो. आणि हृदय त्याच्या भरवशावर थांबलेलं असतं.

आई पहिल्यांदा पडली ती ओट्यापाशी. तव्यावर हात पडून भाजला. डॉक्टरांनी पेसमेकर तपासला, तो उत्तम होता. छतवाल्या कंपनीचा माणूस घराच्या मधोमध उभा राहून मोजून गेला आणि सगळं मर्यादेत आहे म्हणाला. मोजताना त्याच्या खिशात फोन होता, हे आईनंच मला सांगितलं.

“तुझ्या साहेबाला पाठव की कुणाला,” आई म्हणाली.

“साहेब कशाला? मी बघते.”

“तुमच्यात चालत न्हाई म्हणं घरचं.”

“तू गप बस गं. शेवंतामावशीकडं जाऊन बस जरा.”

आई शेजारी गेली. दुपारची वेळ होती. मी डबा गाडीत ठेवला, तिपाई मांडली, लांब उभी राहिले. रिकाम्या घराचं माप कसं असतं? सपाट. सगळीकडं थोड्याफार फरकानं सारखंच. मधल्या खोलीत तसं होतं. स्वयंपाकघरात ओट्यापुढं मात्र आकडा चढला, आणि मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जायच्या वाटेवर तो एकदम पडला. मी काठी सरकवली, परत आकडा बघितला. वायर बघितली. तिपाई उचलून वीतभर पुढं ठेवली. घसरण एका जागी नव्हती, तिला आकार होता. भिंतीला टेकून कमरेपासून वर रुंद, आणि मग जमिनीलगत आडवे, वाट अडवणारे दोन लांब पट्टे. उजवा पट्टा सरळ. डावा मधेच उचललेला.

अण्णांचा डावा गुडघा शेवटी शेवटी सरळ होत नसे.

आमचे अण्णा, बाळकृष्ण हावळ, जन्मभर जॉबर होते. जॉबर म्हणजे मागाचा वैद्य. माग बिघडला की नुसता खडखडाट ऐकून कुठला पार्ट गेला ते सांगायचे. मागाखाली उकिडवं बसून बसून गुडघे गेले, आणि मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी ही जागा धरली. पाठ भिंतीला, पाय वाटेत पसरलेले. तिथून आईशी बोलता यायचं आणि रस्त्यावरचंही ऐकू यायचं.

मी संध्याकाळी स्वतःच्या घरी जायच्या आधी त्यांच्याकडं आले की ते म्हणायचे, “टोल.”

टोल म्हणजे त्या दिवशीची एक बातमी. “आज काय मोजलंस?” मी काहीतरी सांगायचं. कुणाच्या देव्हाऱ्यातल्या विजेच्या समईनं अख्ख्या वाड्याचा आकडा बिघडवला, कुणी सासूला बाहेर काढायला मला खास बोलावलं. टोल भरला तरी पाय मात्र ते घ्यायचे नाहीत. मी माठाची तिवई आणि त्यांचे तळवे यांच्या मधून अंग चोरून आत जायची. ओलांडून जायचा प्रश्नच नव्हता. पसरलेले पाय ओलांडायचे नाहीत, ओलांडले तर समोरच्याची उंची खुंटते, हे आमच्या घरात दुधाबरोबर पाजलेलं. लहानपणी चुकून ओलांडलं की आई ओरडायची, “उलटी ओलांड, आधी उलटी ओलांड!” मग परत मागं उडी मारायची, म्हणजे झालेलं फिटलं.

“अण्णा, आता तुमची काय उंची वाढायची राहिलीय?” मी एकदा म्हटलं होतं.

“मग तुझं काय जातंय वळसा घालायला?” ते म्हणाले होते.

दिवाळीच्या आधी ते गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. छत काय करतंय हे मला त्या क्षणीही कळत होतं. घरात कुणीतरी अजून त्या जागेला वळसा घालतंय आणि छत त्यावरून तिथं माणूस धरतंय, एवढंच. तरी माझ्या तोंडून “अण्णा” असं निघालं. मी तिवईच्या बाजूला, त्यांच्या तळव्यांपाशी फरशीवर बसले. कोपऱ्यात घड्याळाची टकटक चालू होती.

“आज तुम्हाला मोजलं,” मी म्हणाले.

आईला मी सांगितलं नाही. तिला कशाला धक्का द्या, असं स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला ते कुणाला वाटून द्यायचं नव्हतं. रोज संध्याकाळी मी यायचे, आई मंदिरात गेलेली असली की मापक काढायचे आणि अण्णा आहेत का बघायचे. असायचे. कधी पाठ अंमळ खाली घसरलेली, कधी नीट टेकलेली. ते आकड्यांचं डुलणं होतं, मला माहीत होतं. पण मी म्हणायचे, आज दमलेले दिसतात. एकदा तर माप घेताना हसले आणि आपण हसलो हे लक्षात आल्यावर मापक बंद करून टाकला. तरी दुसऱ्या दिवशी परत गेले. कक्षात मी अहवाल दिला नाही. ओट्यापुढं लहरी का दाटतात ते मला कळलं होतं. अण्णांची छाया आणि भाकऱ्या करणाऱ्या आईची छाया यांच्या मधली जागा चिंचोळी, तिथं गर्दी होत होती, आणि त्या गर्दीचा काठ आईच्या छायेत घुसत होता. मी आईची पिठाची परात ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवून ठेवली आणि तेवढ्यावर भागेल असं धरून चालले.

आईनं ती पुन्हा जागेवर आणली. तिथं तिला उजेड नीट येतो.

दुसऱ्यांदा पडली तेव्हा मी दारातूनच बघितलं. पिठाची परात उपडी झाली होती, आणि आई तिच्या शेजारी, गाल फरशीला लावून. मी धावले. तिचा हात गार होता. मी तिला ओढत, फरफटत मधल्या खोलीत आणलं आणि तिथं आल्यावर, लहरींच्या त्या दाटीतून बाहेर पडल्यावर, तिनं डोळे उघडले.

“अंधारी आली गं नुसती,” ती म्हणाली. “तू का रडायलीस?”

डॉक्टर म्हणाले, या वेळी तुम्ही होतात. पुढच्या वेळी कुणी नसेल तर? आईला पुण्याला माझ्या भावाकडं हलवा, असंही म्हणाले. आईनं ते ऐकूनसुद्धा घेतलं नाही. या घरात तिनं मागाच्या आवाजात पोरं झोपवली, ती आता दहाव्या मजल्यावर जाऊन काय करणार होती?

त्याच दिवशी मी सगळं दस्तगीरला सांगितलं. त्यानं लगेच कंपनीला फोन लावून आमच्या घराच्या छताची स्मृती पुसायला लावली. पुसली. मी दुपारी जाऊन, आत न शिरता मधल्या खोलीतूनच बघितलं तर दारातलं माप सपाट. मला मोकळंही वाटलं आणि वाईटही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर अण्णा परत आपल्या जागेवर, डावा गुडघा वर.

म्हणजे वळसा घालणारं माणूस घरातच होतं. मी आईसमोर बसले आणि तिला सगळं सांगितलं. छाया, वळसा, गर्दी, पेसमेकर. ती लसूण सोलत ऐकत होती. रडली नाही. एकदा फक्त दाराकडं बघितलं.

“मग आता मी काय करू म्हणतीस?”

“त्या जागेवरनं सरळ चालत जा. वळसा घालू नको. तू त्यांना वळसा घालतीस म्हणून छताला वाटतंय ते आहेत.”

“मी?” आईनं लसणाची पाकळी खाली ठेवली. “अगं बाई, तेरावं झालं त्याच दिशी मी तिथली फरशी घासली. भितीवर त्यांच्या डोस्क्याच्या तेलाचा डाग हुता, त्यो सुदिक. माझं गुडघं दुखत्यात, मी कशाला वळसा घालू? अन् त्ये असताना तरी कवा घातला? ‘पाय घ्या हो’ म्हणलं की घेत हुते. माझ्या हातात पातेलं असायचं.”

मी तिच्याशी वाद घातला. माणसाला आपल्या सवयी दिसत नाहीत, अशी अक्कलही शिकवली. ती म्हणाली, “आसंल बाई,” आणि परत लसूण घेतला.

शेवटी दस्तगीर म्हणाला, “ताई, रिवाज हाय तो उगाच न्हाई. मला जाऊ दे. आन् तुमी दोन दिवस तिकडं फिरकू नका.”

मी फिरकले नाही. आईशी फोनवर बोलत होते. पडली नव्हती, डोळ्यापुढं अंधारी पण आली नव्हती. तिसऱ्या दिवशी दस्तगीरनं मला बोलावलं. मी गेले तेव्हा तो मधल्या खोलीत पलीकडच्या भिंतीपाशी खुर्चीवर बसला होता, मापकाची काठी लाकडी तिपाईवर, अण्णा पाठ टेकायचे तिथं भिंतीला लावून, वाट मोकळी ठेवून. आई ओट्याशी होती; दस्तगीर तिला मावशी म्हणतो.

“सपाट हाय,” तो म्हणाला. “काल बी सपाट, आज बी सपाट. मावशी सकाळपासनं कितींदा गेल्या आल्या. सरळ जात्यात. कायसुदिक न्हाई.”

“मग गेलं असेल आपोआप,” मी म्हणाले.

“गेलंय. बसा. न्हाईतर आसं करा, जरा पाणी आणता का मला? घसा वाळलाय.”

मी स्वयंपाकघरात गेले, तिथल्या कळशीतून पेला भरून घेतला, परत आले आणि त्याच्यापुढं धरला. त्यानं पेला घेतला नाही. तो पडद्याकडं बघत होता. मीही बघितलं. आकडा खाली येत होता. एकदम नाही, हळूहळू, कुणीतरी भिंतीला टेकत खाली बसावं तसा.

“ताई,” दस्तगीर म्हणाला, “तुमी जाताना माठाच्या तिवईच्या बाजूनं अंग चोरून गेला. येताना बी तसंच आला. पाण्याचा पेला भरलेला, तरी बी.”

मी फरशीकडं बघितलं. वाट चांगली दोन माणसं जातील एवढी रुंद होती, मोकळी होती. त्यात काही नव्हतं. आणि मी पेला छातीशी धरून तिच्या एका कडेनं आले होते. मला आठवतसुद्धा नव्हतं. रिकाम्या घराचं माप म्हणून मी आईला बाहेर काढलं, मांजर असतं तर तेही काढलं असतं, आणि तिपाई मांडायला त्याच वाटेनं वळसा घालून आत गेले होते. स्मृती पुसल्यावर सुद्धा तेच. संध्याकाळी आले आणि पहिल्याच फेरीत त्यांना बसवलं.

“पण आई सरळ जाते ना?” मी म्हणाले. “मग छताला कळायला नको का, तिथं कुणी नाही म्हणून?”

“मावशी सांगत हुत्या, त्यांच्यासाठी अण्णा पाय घ्यायचे,” दस्तगीर म्हणाला. “छतानं ते बघून ठेवलंय. कंपनी पुसती ती घराची स्मृती. माणसामाणसांची सवय वर, कंपनीच्या मोठ्या साठ्यात असती. मावशी सरळ गेल्या तर त्याला वाटतं, पाय घेतलं असतील. तुमच्यासाठी कधी घेतलं न्हाईत. त्ये न्हाईत ह्ये त्याला दुसरं कोण सांगू शकत न्हाई. तुमीच. न्हाईतर मग तुमी हितं यायचंच बंद करायचं, एक दिवस वळसा दिसला न्हाई की त्ये सोडून देतंय.”

पेला अजून माझ्या हातात होता. आईनं ओट्यावरून मागं वळून दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत तव्याकडं. तिला अक्कल शिकवणारी मीच होते.

दस्तगीर गेला. जाताना तिपाई जागेवर आणि पडदा खुर्चीवर तसाच ठेवून गेला.

मी मधल्या खोलीत उभी राहिले. इथून दारापर्यंत चार पावलं टाकायची, एवढंच काम होतं. मापकाचा आकडा खाली होता, म्हणजे अण्णा होते, आणि ते माझ्यामुळे होते, फक्त माझ्यामुळे. आई सरळ जात होती. माझ्या भावानं तर कार्य झाल्यावर तिथं सूटकेस ठेवली होती. या सगळ्या घरात त्यांना जागा ठेवणारी मी एकटीच उरले होते आणि तीच जागा आईचा जीव घेत होती. मला कुणावर तरी चिडायचं होतं. छतावर चिडावं तर त्यानं माझंच ऐकलं होतं.

“अण्णा,” मी हळू म्हणाले, “पाय घ्या.”

त्यांनी कधी घेतले नव्हते. आता काय घेणार?

मी चालू लागले. माठाच्या तिवईकडं वळणाऱ्या पावलाला ओढून सरळ आणलं. त्या जागेपाशी आल्यावर पाय आपोआप उचलला गेला, गरजेपेक्षा उंच, डावा गुडघा चुकेल इतका. आणि मी त्यांना ओलांडलं.

आई त्याच वेळी वळली. तिच्या हाताला पीठ होतं. “अगं, ओलांडलंस!” ती एकदम म्हणाली, “उलटी ओलां—” आणि तिनं पिठाचा हात तोंडावर ठेवला.

मागं, मधल्या खोलीत, पडद्यावरचा आकडा चढत होता. मला तो ओट्यापासून दिसत होता. चढला, थरथरला, आणि आजूबाजूच्या आकड्यांइतका होऊन थांबला. आईच्या ओठांभोवती पिठाची बोटं उमटली होती. ती ओट्याला टेकून उभी होती, आणि तिला काही होत नव्हतं.

शास्त्राप्रमाणे पुढं काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. त्याच वाटेनं सरळ परत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं, म्हणजे छताची खात्री पटेल. नवीन लागलेल्या कुणालाही मी हेच सांगितलं असतं. पण परत जाणं म्हणजे उलटं ओलांडणं. झालेलं फिटवणं. माझं सगळं अंग त्या दाराकडं ओढ घेत होतं, आणि म्हणूनच मला तिकडून जायचं नव्हतं. उद्या जाईन, परवा जाईन, रोज जाईन. आज नाही.

मी परसदाराची कडी काढली आणि बाहेर पडले.

“कुठं चाललीस? चपला पुढं हायत गं तुझ्या!” आई आतून ओरडली.

बोळातली फरशी उन्हानं तापली होती. मी अनवाणी, तळवे उचलत, घराला बाहेरून वळसा घालून पुढच्या दाराशी आले. शेवंतामावशी गॅलरीतून बघत होती. बघू दे. मी पायरीवर बसले आणि मला हुंदका फुटला, दिवाळीआधीपासून अडकलेला. अण्णा गेले तेव्हा मी सगळ्यांचं चहापाणी बघत होते.

मग उघड्या दारातून आई येताना दिसली. हातात ताट होतं, भाकरी, भरलं वांगं आणि कडेला लसणाची चटणी. खाल्ल्याशिवाय माणूस घरातून गेलेलं तिला चालत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारातून सरळ, मधोमध, ताटाकडं बघत निघाली. खुर्चीवरच्या पडद्यावर तिची स्वतःची छाया तेवढी उतरली आणि तिच्याबरोबर पुढं सरकली. मागं राहिलं ते माप सपाट होतं. तिथं काही नव्हतं. शंभर वेळा मोजलं असतं तरी निघालं नसतं.

पण त्या जागेवरून येताना आईचे ओठ हलले. तिला कळलंही नसेल. मी पायरीवर होते, तरी मला ऐकू आलं.

“पाय घ्या हो,” आई म्हणाली.